फुणक्या नानांवर का भुंकायचा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. चार हिवाळे झाले. दर वर्षी बाजारात भरताची हिरवी वांगी आली, की ही गोष्ट घशाशी येते, आणि दर वर्षी मी ती भाकरीच्या घासाबरोबर परत गिळतो. आज तुम्ही समोर बसलात म्हणून — आणि तुम्ही आमच्या नात्यातले नाही, हेही एक बरंच आहे — सांगून टाकतो.

पण जरा आडवळणाने सांगेन. एकदम नाही जमणार.

मी व्यायामशिक्षक. जळगावच्या एका शाळेत एकतीस वर्षं शिट्टी फुंकली आणि छडी चालवली. आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ मला पाहून स्कूटर भलत्याच गल्लीत घालतो. काही जण पाया पडतात, पण तीन फुटांवरून. तुम्हाला वाटेल, म्हातारा आता छडीबद्दल रडणार. नाही — ते नाही सांगायचं. छडीचं सगळ्या गावाला माहीत आहे, ती काही लपलेली गोष्ट नाही. मला सांगायचंय ते केळ्याबद्दल.

केळं हसण्यासारखं वाटतं ना? हसा. मीही हसायचो, आधी.

तर आमची रसिका. एकुलती एक. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरूनच करते, म्हणजे दिवसभर खोलीत बसून कानाला ते लावते आणि इंग्रजीत बोलते. तिला कुत्रा हवा होता. मंगलाने — म्हणजे माझ्या बायकोने — वर्षभर 'नाही' म्हटलं. मग रसिकाने नानांना फोन केला, आणि विषय संपला. नाना म्हणजे माझे साडू, मंगलाच्या धाकट्या बहिणीचे, सुशीलाचे यजमान. मूळचे असोद्याचे, पण नोकरी एसटीत कंडक्टरची, म्हणून धुळ्याला स्थायिक झाले. या माणसाला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी फक्त 'पुढे सरका' एवढंच कडक वाक्य उच्चारलं असेल, आणि तेही हसून.

त्यांच्या घरामागे एक गावठी कुत्री व्यालेली होती. पाच पिल्लं. त्यातलं सगळ्यांत गोल पिल्लू नाना कापडी पिशवीत घालून बसने घेऊन आले. पिशवीतून फक्त तोंड बाहेर. दारात आल्या आल्या म्हणाले, "ल्या भाऊ, सांभाळा आते याले." आणि मग चहा पिताना, कुणी विचारलं नसताना, हळूच सांगून गेले — रिक्षात बसलो तर त्याची आई कोपऱ्यापर्यंत मागे मागे आली होती. कोपऱ्यावर उभी राहिली. मग परत गेली. एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा थंड होऊ दिला. हे लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं नव्हतं.

पिल्लू वाफवलेल्या डाळीच्या फुणक्यासारखं गोल आणि पिवळसर होतं, म्हणून नाव पडलं फुणक्या.

फुणक्याने पहिल्या आठवड्यात घरात कुठे कुठे काय काय केलं, ते सांगत नाही. तुम्ही जेवणार असाल. माझ्या सकाळच्या पेपरावर मात्र तो नेमाने करायचा, तेही मी वाचून व्हायच्या आधी. मी पेपराची सुरळी केली, हात उगारला — सवय हो, एकतीस वर्षांची — तर रसिकाने मागून ती सुरळी काढून घेतली. मला म्हणाली, बाबा, या घरात कुत्र्याला कुणी मारणार नाही, ओरडणार नाही, त्याचं नाक घाणीत घासणार नाही. त्याने चांगलं काही केलं, की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. चुकलं तर काही करायचं नाही, लक्षच द्यायचं नाही. बस्स.

मी म्हटलं, म्हणजे लाच.

ती म्हणाली, बक्षीस.

मी आठवडाभर टिंगल केली. मंगलाला म्हणायचो, आता सकाळी उठून दात घासले की मलाही एक पेढा देत जा. पण खिडकीतून बघायचो. काय बघायचो? रसिका केळ्याच्या नखाएवढ्या फोडी करून मुठीत धरायची. जळगावात केळ्याला काय तोटा, घरात कायम एक फणी लटकलेलीच असते. फुणक्याचं बूड जमिनीला टेकलं, रे टेकलं, की फोड तोंडात. बूड उठलं, की मूठ बंद. तीन दिवसांत तो बसायला शिकला. सहाव्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन सगळे विधी उरकायला लागला आणि उरकून झालं, की रसिकाकडे बघून सावधान उभा राहायचा. दहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या केळीवाल्याच्या गाडीसमोर जाऊन स्वतःहून बसला. केळीवाल्याला वाटलं, पूजा करतोय.

मी दुपारी सगळे झोपलेले असताना एकदा करून पाहिलं. शिट्टी वाजवली, तो बसला, फोड दिली. पुन्हा वाजवली, पुन्हा बसला. सातव्या शिट्टीला तर तो मी गाल फुगवले तेव्हाच बसला. एका ओळीत उभं राहायला शिकवायला मी पोरांचं सबंध सत्र घ्यायचो, तळव्यांवर वळ उठवून. आणि इथे अर्धं केळं? इतकं सोपं होतं? मला त्या दुपारी खरंच वाईट वाटलं. कुणाकुणाचे हात आठवले.

एवढं वाईट वाटलेल्या माणसाने पुढे काय करावं? सुधारावं. बरोबर ना? मी काय केलं, ते ऐका.

आता भरताकडे वळावं लागेल. भरताशिवाय हे कळायचं नाही.

आमच्याकडे थंडीत भरीत पार्टी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. आमची असोद्याला, नानांच्या चुलतभावाच्या शेतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, सालं काढायची, आणि मग बडगीत — बडगी म्हणजे लाकडाचं भांडं, चांगलं जाड, खोलगट — हिरव्या मिरच्या, लसूण घालून ते भरीत ठेचायचं. वर शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. बायका त्या दिवशी बसून राहतात. भरीत पुरुष करतात. आणि आमच्या सासरवाडीत भरीत करायचा मान माझा होता. मी पहूरचा. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी माझं भरीत चाखून मान डोलावली होती. ती मान मी तीस वर्षं जपून ठेवली होती.

आणि मग सुशीलाचं लग्न झालं आणि नाना आले.

नाना येताना धुळ्याहून स्वतःच्या वडिलांची बडगी घेऊन यायचे. बसमधून. काळीभोर झालेली, तेल पिऊन गुळगुळीत. तिला खिडकीपाशी जागा द्यायचे आणि स्वतः उभे राहायचे. मग आम्ही दोघंही भरीत करायचो — माझी पितळी परात एका झाडाखाली, त्यांची बडगी दुसऱ्या झाडाखाली. स्पर्धा वगैरे काही नाही हं. कुणी तसं कधी म्हटलं नाही. फक्त त्यांची बडगी लोक भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचे, आणि माझ्या परातीतलं उरायचं. उरलेलं मंगला घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी त्याची थालीपिठं लावायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी हिवाळ्यात एकदा ती थालीपिठं खाल्ली आहेत. आणि वर नाना सगळ्यांना सांगायचे, भाऊंच्या हाताची चव मला नाही जमत. खरंच वाटायचं त्यांना तसं! त्याचाच जास्त राग यायचा.

फुणक्या यायच्या आदल्या हिवाळ्यात काय झालं — माझ्या पोटच्या पोरीने, रसिकाने, माझ्या परातीजवळून जाताना ताट झाकलं. चक्क हाताने झाकलं. म्हणाली, बाबा, मी नानांचं घेतलंय.

बस. एवढंच झालं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि आता शोधून आणण्यातही अर्थ नाही.

फुणक्या पाच महिन्यांचा झाला, थंडी सुरू झाली. दिवाळीनंतर नाना एकदा येऊन गेले. फुणक्या त्यांच्या मांडीवर झोपला, त्यांच्या शर्टाचं बटण खाल्लं, दोघंही खूश. जाताना नाना मफलर विसरले. मोहरीच्या रंगाचा, लोकरीचा. त्याला कापूर घातलेल्या खोबरेल तेलाचा वास; नाना तेच तेल डोक्याला लावतात, कोपऱ्यावरून कळतं. मंगला म्हणाली, पुढच्या वेळी देऊ, ठेवा कुठेतरी.

मी ठेवला. गच्चीवरच्या खोलीत.

तुम्हाला कळलं का आता? कळलं असेल. थांबा, तरीही मला माझ्या तोंडाने सांगू द्या.

रोज सकाळी चालून आलो, की मी फुणक्याला गच्चीवर न्यायचो. खिशात केळ्याच्या फोडी. मफलर जमिनीवरून सरपटत ओढायचा. पिल्लूच ते, गुरगुरायचं. गुरगुरलं, की फोड. नुसतं हुंगलं किंवा शेपटी हलवली, तर मूठ बंद. लक्षच द्यायचं नाही. मग गुरगुरण्याला फोड बंद केली, भुंकलं तरच फोड. मग मफलर दोरीवर टांगला. मग स्वतःच्या गळ्यात घातला. रसिकाचे सगळे नियम मी काटेकोर पाळले — त्याच क्षणी द्यायचं, छोटं द्यायचं, रोज थोडा वेळच करायचं, दमवायचं नाही, शेवट आनंदात करायचा. एकदाही आवाज चढवला नाही. बोटसुद्धा लावलं नाही. एवढ्या प्रेमाने मी आयुष्यात कुणालाच काही शिकवलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी नुसती खोलीची कडी काढली, तेलाचा वास बाहेर आला, आणि फुणक्या अंगावरचे केस उभे करून जो सुटला — मी त्याला अख्खं केळं दिलं. त्या दिवशी खाली येताना मी जिन्यात शीळ घालत होतो, हे मला स्वच्छ आठवतं.

मंगलाला संशय आला, पण वेगळाच. धुवायला टाकलेल्या सदऱ्यांचे खिसे चिकट असायचे. तिला वाटलं, डॉक्टरांनी गोड बंद केल्यामुळे मी चोरून शिरा खातो. मी ते कबूल केलं. बघा, खोट्याचा कबुलीजबाबसुद्धा देऊन झालाय माझा.

भरताच्या पार्टीसाठी त्या वर्षी सगळे आधी आमच्या घरी जमणार आणि मग असोद्याला जाणार असं ठरलं. सकाळी अकराच्या सुमारास नाना आणि सुशीला आले. नानांच्या एका खांद्यावर बडगी. दुसऱ्या हातात फुणक्यासाठी चेंडू. मफलर नवा होता, पण तेल तेच. फाटक उघडलं, आणि —

कसा भुंकला, काय सांगू. पिल्लाच्या अंगात एवढा आवाज असतो? मागचे पाय रोवून, दात काढून, तोंडाला फेस येईपर्यंत. नाना हसत खाली वाकले, 'अरे फुणक्या, मी शे ना', असं म्हणत हात पुढे केला, तर त्याने हवेत चावा घेतला. त्यांच्या हातातला चेंडू पडून घरंगळत गटारात गेला. शेजारच्या पाटीलकाकू कुंपणावरून बघत होत्या. त्यांना बोलायला काहीतरी लागतंच. म्हणाल्या, मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतो बाई.

आणि फुणक्या धावत माझ्याकडे आला. माझ्यासमोर बसला. वर बघत.

त्याला कुठे ठाऊक होतं की हे गुपित आहे! काम केलं, आता केळं आण. सगळे बघताहेत, तो माझ्या खिशाकडे बघतोय. मी काय केलं? मी पाठीमागे हात नेला, आणि दिली. दिली हो फोड. कुणाला दिसली नाही.

असोद्याला फुणक्याला न्यायचं ठरलेलं होतं, रसिका त्याला सोडून येईना. तो शेतात नानांच्या झाडाकडे तोंड करून दोन तास भुंकत होता. नाना ठेचायला बसले, की हा दोरी ताणायचा. शेवटी नाना बडगी तशीच ठेवून बांधापलीकडे जाऊन उभे राहिले, जनावराला त्रास नको म्हणून. त्यांची वांगी माझ्या परातीत आली. तीस-पस्तीस माणसं माझं भरीत जेवली. दुसरं नव्हतंच तर काय करतील? पण छान झालंय म्हणाली. रसिकाही म्हणाली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

नाना बांधापलीकडेच जेवले. सुशीलाने ताट नेऊन दिलं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सासरची माणसं थांबतात का? फोनाफोनी झाली. कुत्रा सगळ्या जगात एकाच माणसावर भुंकतो, म्हणजे काहीतरी असणार. पोस्टमनवर नाही, भंगारवाल्यावर नाही, गॅसवाल्यावर नाही. मग नानांवरच का? दिवाळीनंतर तो त्यांच्याच मांडीवर झोपला होता, हे सगळे विसरले. मंगलाच्या मोठ्या वहिनीने शोध लावला, की धुळ्याला असताना नानांनी पिल्लाला लाथ घातली असणार, वरून गोड दिसणारी माणसं आतून तशीच असतात. हे फिरत फिरत सुशीलाकडे गेलं. आणि सुशीलाने, अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या बाईने, नवऱ्याला समोर बसवून विचारलं — खरं सांगा, तुम्ही मारलं होतं का त्याला?

हे मला मंगलाने सांगितलं, भाजी निवडता निवडता. म्हणाली, नाना उठून बाहेर गेले म्हणे. मी पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

त्यानंतर नाना घरात येईनासे झाले. सुशीला आत यायची, नाना फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडुलिंबाखाली उभे. मी चहा घेऊन जायचो — हो, मीच न्यायचो. ते उभ्या उभ्या प्यायचे, कप परत द्यायचे, वांग्यांची पिशवी कुंपणावरून द्यायचे. आतून फुणक्या भुंकतच असायचा. एकदा मला राहवलं नाही, म्हणालो, नाना, काय भलताच कुत्रा निघाला हो. तर ते म्हणाले —

"त्याना काय दोस शे, भाऊ? मीच त्याले त्यानी मायपासून तोडं. ते तो ईसरस नही."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे या माणसाने स्वतःच कारण शोधलं होतं. ज्या कारणाची मला गरज नव्हती, कुणालाच नव्हती, ते त्याने आपल्या मनाने काढलं आणि आपल्याच डोक्यावर घेतलं. कोपऱ्यापर्यंत आलेली कुत्री. पिशवीतून बाहेर आलेलं तोंड. सांगत होते, रोज सकाळी त्या कुत्रीला भाकरी टाकतो, पण तिच्याकडे बघवत नाही. त्यांचे डोळे भरले होते. मी कप घेऊन घरात आलो. त्या वेळी सांगायला हवं होतं — एका वाक्याचं काम होतं. कप विसळला आणि पालथा घातला.

घाबरलो होतो का? कशाला घाबरायचं, नाना मला काय मारणार होते? उलट हसले असते. हसले असते आणि माफ करून मोकळे झाले असते, हेच तर मला सोसणार नव्हतं.

मग मी ठरवलं, गुपचूप निस्तरायचं. जसं शिकवलं तसंच पुसायचं. गच्ची, मफलर, केळं. पण शिकवायला नऊ दिवस लागले होते, पुसायला दीड महिना लागला. भुंकला की लक्ष द्यायचं नाही, गप्प बसला की फोड. तो गप्पच बसेना! त्याच्या दृष्टीने मीच वेडा झालो होतो. इतकं चोख काम करूनही मूठ उघडत नाही म्हणजे काय? मला वाटलं, मफलर पुरेसा नाही, नाना पूर्ण हवेत. मी तेच कापराचं तेल आणलं आणि डोक्याला चोपडलं. नानांसारखा वाकून चाललो. गच्चीवर उभा राहून नानांच्या आवाजात 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणालो. अहिराणीत लाडे लाडे बोललो. समोरच्या गच्चीवर पाटीलकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मंगलाला सांगितलं की सर रिटायर झाल्याचा धक्का आत्ता बसलेला दिसतो. मंगला मला दोन दिवस फार प्रेमाने वागवत होती. भाजीत मीठ कमी की जास्त, हेसुद्धा विचारायची.

शेवटी जमलं. फुणक्या मफलर पाहून शेपटी हलवायला लागला. मग लोळायला लागला. मग मफलर कुशीत घेऊन झोपायला लागला.

मी धुळ्याला फोन केला. नाना, या, म्हटलं. फाटकातून आत या.

ते आले. रस्त्याच्या पलीकडे थांबले, सवयीने. मी फाटक उघडलं. फुणक्या गेला — धावत गेला, त्यांच्या पायांत घुसला, पाठीवर पडून पोट वर केलं, त्यांच्या चपला चाटल्या. नाना तिथेच, रस्त्यावर, धुळीत बसले. साठीचा माणूस मांडी घालून. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडायलाच लागले. आमच्या गल्लीत सगळी दारं उघडली. नाना म्हणत होते, "माफ करं त्यानी माले. बठ्ठं माफ करं." सगळं माफ केलं म्हणे फुणक्याने. सुशीला फाटकाला धरून उभी होती, तोंडाला पदर लावून. तिनेही नवऱ्याला तो प्रश्न विचारलेला होता ना.

हीसुद्धा एक वेळ होती सांगायची. सगळे होते तिथे. साक्षीदारसुद्धा कमी पडले नसते.

रसिकाने विचारलं, बाबा, हे कसं केलंत तुम्ही? तुम्हीच केलंत ना? गच्चीवर तुम्ही त्याला शिकवत होतात ना रोज? तिला तेवढंच कळलं होतं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता. छडीवाला बाप खाऊ देऊन शिकवायला लागला, तिच्यामुळे. मी म्हणालो — काय म्हणालो असेन? मी म्हणालो, धीर लागतो बेटा. मारून काही होत नाही.

नाना उठले, धूळ न झटकता माझे दोन्ही हात धरले. "तुमनी कमाल शे, भाऊ." आणि ते नुसतं बोलून थांबणाऱ्यांतले नाहीत. पुढच्या रविवारी परत आले, खांद्यावर बडगी. स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. म्हणाले, ही आता इथेच राहील, तुमच्या हाताला शोभते. वडिलांची आहे हो नाना, असं मी म्हटलं. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी आग्रह केल्यावर हो म्हणालो. तेव्हापासून भरीत मी त्या बडगीत करतो आणि खरं सांगायचं तर तिच्यात भरीत सुरेख होतं. परात वाईट होती माझी. आता लोक बडगी पुसून घेतात. थालीपिठं होत नाहीत आमच्याकडे. नाना माझ्या शेजारी बसून शेंगदाणे सोलतात, फुणक्या त्यांच्या मांडीवर. आल्या-गेल्याला ते सांगतात, भाऊंनी या जनावराला माफ करायला शिकवलं. माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मी मिरच्या ठेचत असतो.

बडगी देऊन ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं, नातू झाला. म्हणाले, आत्ताच त्या कुत्रीला भाकरी घालून आलो. आज तिच्याकडे नीट बघितलं, किती महिन्यांनी. तिच्यापाशी बसलो.

"बठ्ठं सांगं मी तिले," नाना म्हणाले. "तुन्हा पोऱ्यानी माले माफ करं म्हनं."

मी म्हणालो, बरं केलंत नाना. आणि फोन ठेवला. मग टोपलीतलं एक केळं सोललं आणि तिथेच उभं राहून खाल्लं.